ईमॅक्सचं पॅकेज सापडत नाही, सापडलं तर बसत नाही: कुठून बघायला सुरुवात करायची

नारायण पेठेत आमचं टाइपसेटिंगचं छोटं ऑफिस आहे. पुस्तकं लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लागतात आणि लिहिणं-तपासणं सगळं ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये चालतं. त्याला नवी सोय जोडायची तर त्यासाठी बसवायची भर म्हणजे पॅकेज. सहा मशीन ऑफिसातली, शिवाय कर्वेनगर-कोथरूडकडची इंजिनिअरिंगची पोरं लॅपटॉप घेऊन येतात ती वेगळी. गेल्या काही वर्षांत मी एकच तक्रार इतक्या वेळा सोडवली आहे, की आता समोरचा सांगायला लागला की पुढचं वाक्य मला माहीत असतं: "ताई, व्हिडिओत दाखवतात ते पॅकेज माझ्याकडे दिसतच नाही." कारणं मात्र दर वेळी एकच नसतात. म्हणून ज्या क्रमाने मी तपासते तो क्रम लिहून ठेवते आहे. आधी फुकटचं आणि दोन मिनिटांचं, मग कष्टाचं.

आज्ञांची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची. मेटा म्हणजे आल्टची कळ. मेटा-एक्स म्हणजे आल्ट धरून एक्स दाबायचं आणि मग आज्ञेचं नाव लिहायचं.

लक्षणं

यातलं काही दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- पॅकेज-इन्स्टॉल म्हटलं, नाव लिहिलं, टॅब दाबला, तर "नो मॅच".
- नाव यादीत आहे, पण बसवायला गेलं की "नॉट फाउंड", कधी सोबत ४०४.
- तळाच्या ओळीत "कॉन्टॅक्टिंग होस्ट" येतं आणि तिथेच अडकतं.
- "फेल्ड टु व्हेरिफाय सिग्नेचर" असा संदेश.
- काल चालत होतं, आज उघडल्यावर "सिंबल्स फंक्शन डेफिनिशन इज व्हॉइड".
- पॅकेज व्यवस्थित बसलं, तरी काम करताना "सर्चिंग फॉर प्रोग्रॅम: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी".

संदेश अक्षरशः उतरवून घ्या. "काहीतरी एरर आली" एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकत नाही. मेटा-एक्स व्ह्यू-एको-एरिया-मेसेजेस केलं की मागचे सगळे संदेश एका जागी मिळतात. तळाची ओळ डोळ्यांदेखत पुसली जाते, हे संदेश राहतात.

ते आधीच आत आहे का?

ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, म्हणून ती पहिली. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली. दप्तर भिजलेलं, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिला प्रबंध मराठीत लिहायचा होता आणि मराठी टायपिंगचं पॅकेज ती दोन दिवस शोधत होती. नावात मराठी असलेलं तिला हवं तसं काहीच सापडेना. मी तिला कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ एकत्र दाबायला सांगितलं. ईमॅक्सने टंकनपद्धत विचारली, तिथे देवनागरी-आयट्रान्स लिहिलं. मग लहान पी, यू, मोठा एन, ई, आणि पडद्यावर "पुणे" उमटलं. सरकारी कळफलकाची सवय असेल तर देवनागरी-इनस्क्रिप्टही आतच आहे. काही बसवायचं नव्हतंच. पुन्हा तीच जोडकळ दाबली की परत रोमन.

जोडाक्षरं तुटून दिसत असतील तर तो प्रश्न पॅकेजचा नाही. २०२० मध्ये आलेल्या २७.१ पासून ईमॅक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरू शकतो. त्याआधीची आवृत्ती असेल तर ती बदला. टर्मिनलमध्ये ईमॅक्स चालवत असाल तर अक्षरं टर्मिनलच काढतं, तिथे ईमॅक्सच्या हातात फारसं काही नसतं.

असंच आणखी बरंच काही आत येऊन बसलं आहे. यूझ-पॅकेज (पॅकेजांची मांडणी नीट लिहायला) आणि एग्लॉट (प्रोग्रॅमिंगच्या भाषांसाठी मदत देणारं) २०२३ च्या २९.१ पासून सोबतच येतात, विच-की (पुढच्या कळा सुचवणारं) २०२५ च्या ३०.१ पासून. जुन्या लेखांत ही तिन्ही "बाहेरून बसवा" म्हणून सांगितलेली असतात. कंट्रोल-एच आणि मग लहान पी दाबलं की आत असलेल्या गोष्टी विषयवार दिसतात. बाहेर शोधण्यापूर्वी ती यादी एकदा चाळा.

यादी शिळी आहे का?

"नॉट फाउंड" किंवा ४०४ दिसलं की माझा पहिला संशय यादीवर. बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

पॅकेजं इंटरनेटवरच्या भांडारांत ठेवलेली असतात. ईमॅक्स दर वेळी भांडारात डोकावत नाही. तो यादीची एक प्रत तुमच्या मशीनवर आणून ठेवतो आणि तीच वाचत राहतो. ईमॅक्सच्या घरच्या फोल्डरमध्ये एल्पा, त्यात आर्काइव्ह्ज, त्यात प्रत्येक भांडाराच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात आर्काइव्ह-कंटेंट्स नावाची फाइल. ती साधी मजकुराची फाइल आहे, उघडून वाचता येते. मी आधी तिची तारीख बघते. मागे एका लॅपटॉपवर ती सात महिन्यांपूर्वीची निघाली.

मेल्पा हे भांडार लेखकाने कोडमध्ये बदल केला की पॅकेज नव्याने बांधतं आणि आवृत्तीच्या क्रमांकात तारीखच घालतं. आधी वर्ष-महिना-दिवस, मग टिंब, मग वेळ. नवी आवृत्ती आली की जुनी सहसा तिथून निघून जाते. तुमच्या शिळ्या यादीत जुना क्रमांक असतो, ईमॅक्स त्याच क्रमांकाची फाइल मागतो आणि सर्व्हर म्हणतो, नाही. पॅकेज जागेवरच असतं, आपण मागतोय ती प्रत गेलेली असते.

उपाय: मेटा-एक्स पॅकेज-रिफ्रेश-कंटेंट्स. अर्ध्या मिनिटाचं काम. एखादी नवी भर बसवण्याआधी हे करायची सवयच लावून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं आणि चहा उरतो.

बरोबर भांडाराला विचारताय का?

ईमॅक्स मुळात दोनच भांडारं ओळखतो. ग्नू एल्पा, आणि २०२२ च्या २८.१ पासून नॉन-ग्नू एल्पा. ग्नू एल्पातलं कोड ईमॅक्सचाच भाग मानलं जातं, त्यामुळे तिथे लेखकाला कोडचे हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावे लागतात. नॉन-ग्नू एल्पात ती अट नाही. मेल्पा यांच्यापेक्षा कितीतरी मोठं, पाच हजारांहून जास्त पॅकेजं असलेलं, पण ते त्रयस्थांचं भांडार आहे आणि आपण सांगितल्याशिवाय ईमॅक्स तिकडे जात नाही. व्हिडिओत दिसणारं पॅकेज बहुधा मेल्पावरचं असतं. "दिसतच नाही" चं उत्तर इतकं साधं असू शकतं.

कंट्रोल-एच, मग व्ही, मग पॅकेज-आर्काइव्ह्ज. मेल्पाची ओळ तिथे नसेल तर इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या मांडणीच्या फाइलमध्ये, घालायची. पत्ता एचटीटीपीएसचाच हवा, मेल्पा डॉट ऑर्ग, पुढे पॅकेजेस, आणि शेवटी तिरकी रेघ. ही शेवटची रेघ गळली तर पत्ता चुकीचा जोडला जाऊ शकतो.

याच यादीत मढी सापडतात. मार्मलेड नावाचं भांडार केव्हाच बंद पडलं, पण जुन्या लेखांतून त्याची ओळ अजून लोकांच्या फाइलींत उतरते आहे. ऑर्ग-मोड, म्हणजे टिपणं ठेवायची ईमॅक्समधली सोय, तिचं वेगळं भांडारही आता वापरायचं कारण नाही. ऑर्ग ९.५ पासून ते मिटलं, मुख्य ऑर्ग ग्नू एल्पावर आहे आणि जोडपत्रं ऑर्ग-कॉन्ट्रिब या नावाने नॉन-ग्नू एल्पावर. अशी मृत ओळ ठेवली की ईमॅक्स तिथे थांबून राहतो किंवा "फेल्ड टु डाउनलोड" म्हणतो, आणि वाटतं की सगळंच बंद आहे. ती ओळ काढून टाका.

मेल्पा आणि मेल्पा स्टेबल (त्याचंच स्थिर आवृत्त्यांचं भांडार) दोन्ही जोडली असतील तर हे लक्षात ठेवा: तारखेचा क्रमांक दोन कोटींच्या पुढचा आकडा असतो, स्थिर आवृत्तीचा दोन किंवा तीन. ईमॅक्स मोठा आकडा निवडतो, म्हणजे स्थिर आवृत्ती कधीच येत नाही. कुणाला प्राधान्य द्यायचं ते पॅकेज-आर्काइव्ह-प्रायॉरिटीजमध्ये सांगावं लागतं.

ईमॅक्स नक्की कुठली फाइल वाचतोय?

"मी ओळ घातली, तरी काही फरक नाही." हे ऐकलं की कंट्रोल-एच, व्ही, यूझर-इनिट-फाइल.

घरच्या फोल्डरमध्ये डॉट-ईमॅक्स नावाची फाइल असेल तर डॉट-ईमॅक्स-डॉट-डी फोल्डरातली इनिट फाइल ईमॅक्स वाचतच नाही. आणि ती डॉट-ईमॅक्स कधीतरी नकळत तयार झालेली असते, आत जेमतेम चार ओळी. तुम्ही मन लावून ज्या फाइलमध्ये बदल करताय ती कुणी उघडत नाही. २७.१ पासून कॉन्फिग फोल्डरातली ईमॅक्सची जागाही चालते, पण आधीची फाइल आणि फोल्डर दोन्ही मुळात नसतील तरच. विंडोजवर घर म्हणजे सहसा ॲपडेटामधला रोमिंग फोल्डर, तुमचा डॉक्युमेंट्स नव्हे.

एकच फाइल ठेवा. दुसरीतलं हवं ते पहिलीत आणा आणि दुसरीचं नाव बदला.

घड्याळ

ही तपासणी हास्यास्पद वाटते, पण तिने मला सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सहकारनगरला एक निवृत्त प्राध्यापक काका आहेत. संस्कृत सुभाषितांचा संग्रह ऑर्ग-मोडमध्ये करतात, सगळं टिपण, सूची, संदर्भ स्वतः. त्यांचा फोन यायचा, "अगं, परत ते भांडार बंद पडलंय." मी जायचे, काहीतरी करायचे, चालू व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आलं, फोन नेहमी शुक्रवारी येतो.

त्या शुक्रवारी मी ईमॅक्सला हात लावण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तारीख १ जानेवारी २०१२. डेस्कटॉप बराच जुना, मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपलेली. एरवी काका संगणक बंद करतात पण भिंतीवरचं बटण चालूच असतं, त्यामुळे घड्याळाला थोडी वीज मिळत राहते. गुरुवारी देखभालीसाठी त्यांच्या भागातली वीज जायची, तेवढ्यात घड्याळ मूळपदावर. तारीख आपोआप जुळवून घेण्याची सोयही कुणीतरी बंद करून ठेवली होती.

सुरक्षित जोडणी करताना सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ग्राह्य" असं असतं. २०१२ मध्ये बसलेल्या संगणकाला ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. ईमॅक्स प्रामाणिकपणे विचारतो, प्रमाणपत्राची खात्री पटत नाही, पुढे जाऊ का? काका "नाही" म्हणायचे. ते बरोबरच करत होते. अशा प्रश्नाला "नेहमीसाठी हो" म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि ते निवांत काम करत राहतात, पण त्या सर्व्हरच्या त्या प्रमाणपत्रावरचा पहारा उठलेला असतो. सहीची तपासणीही याच तारखेवर चालते, त्यामुळे "फेल्ड टु व्हेरिफाय सिग्नेचर" चं मूळही कधी कधी इथेच सापडतं.

तपकीर गल्लीतून सीआर २०३२ ची बॅटरी आणली, वडापावच्या पैशांत येते. वायर काढून, झाकण उघडून, जुनी काढून, लिहिलेली बाजू वर ठेवून नवी बसवली. तारीख आपोआप जुळवण्याची सोय चालू केली. शुक्रवारचे फोन थांबले. झाकण उघडायची भीती वाटत असेल तर कुठलाही हार्डवेअर दुरुस्तीवाला हे पाच मिनिटांत करून देतो, त्यात कमीपणा नाही.

आवृत्ती पुरेशी नवी आहे का?

मेटा-एक्स ईमॅक्स-व्हर्जन.

उबुंटू २०.०४ सोबत २६.३ येतो, २२.०४ सोबत २७.१, २४.०४ सोबत २९.३. डेबियन १२ वर २८.२. कॉलेजच्या लॅबमध्ये जुना उबुंटू असतो, आणि नवी पॅकेजं २८ किंवा २९ च्या खाली चालतच नाहीत असं त्यांच्या पहिल्या काही ओळींत लिहिलेलं असतं. मेटा-एक्स लिस्ट-पॅकेजेसच्या यादीत अशा नावासमोर "इनकम्पॅट" असा शेरा दिसतो. तिथे झगडून उपयोग नाही. ईमॅक्स नवा घ्या, किंवा त्या पॅकेजची जुनी स्थिर आवृत्ती शोधा.

कुणाकडे अजून २६.१ किंवा २६.२ असेल तर त्यात सुरक्षित जोडणीच्या नव्या पद्धतीशी न जुळणारा दोष आहे, यादी उतरवताना "बॅड रिक्वेस्ट" येतं. २६.३ मध्ये तो दुरुस्त झाला.

यातलाच थोडा वेगळा प्रकार: मॅगिट (गिट वापरायचं पॅकेज) बसवलं आणि ते ट्रान्झियंट या त्याला लागणाऱ्या मेनूच्या पॅकेजबद्दल तक्रार करतं. ट्रान्झियंट २८ पासून ईमॅक्सच्या आतच आहे, पण आतली प्रत जुनी आणि मॅगिटला नवी हवी. आत असलेली वस्तू ईमॅक्स आपणहून बदलत नाही. लिस्ट-पॅकेजेसच्या यादीत जाऊन ट्रान्झियंटची बाहेरची आवृत्ती स्वतः निवडून बसवा.

सही जुळत नाही

घड्याळ बरोबर आहे आणि तरी सहीचा संदेश येतो, तर किल्ली जुनी झालेली असते. ग्नू एल्पा यादीवर सही करतं, ती पडताळायची किल्ली ईमॅक्ससोबत येते, आणि किल्लीला मुदत असते. २०१९ मध्ये जुनी किल्ली सरली तेव्हा हा घोळ जगभर झाला. जुना ईमॅक्स वापरणाऱ्यांना तो अजून भेटतो.

पॅकेज-चेक-सिग्नेचर तात्पुरतं निल (म्हणजे बंद) करा, ग्नू-एल्पा-कीरिंग-अपडेट नावाचं पॅकेज बसवा, आणि लगेच पॅकेज-चेक-सिग्नेचर परत अलाउ-अनसाइन्ड करा. "लगेच" हा शब्द महत्त्वाचा. मी लोकांच्या इनिट फाइलींत ती निल ची ओळ वर्षानुवर्षं पडलेली बघितली आहे. दार दुरुस्त करताना कडी काढली, तर काम झाल्यावर लावायची ना?

ऑफिसचं नेटवर्क

घरी चालतं, हिंजवडीत चालत नाही, असं असेल तर बहुधा मध्ये प्रॉक्सी, म्हणजे सगळी जोडणी ज्यातून जाते तो मधला सर्व्हर, आहे. ब्राउझरला प्रॉक्सी माहीत असते, ईमॅक्सला असेलच असं नाही. तपासणी सोपी: लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून यादी उतरवून बघा. उतरली तर दोष नेटवर्कचा. यूआरएल-प्रॉक्सी-सर्व्हिसेसमध्ये प्रॉक्सीचा पत्ता दिला की पुष्कळदा काम होतं.

काही कंपन्या सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात आणि त्यासाठी स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतात. इथे थांबा. प्रमाणपत्राची तपासणी बंद करायचे तोडगे सहज सापडतील, ते करू नका. ते मशीन तुमचं नाही, त्यावरचा कामाचा मजकूर तुमचा एकट्याचा नाही. ऑफिसातल्या आयटी विभागाला सांगा, "ईमॅक्सला ग्नू एल्पा आणि मेल्पापर्यंत जायचं आहे, आपलं प्रमाणपत्र कुठे बसवायचं?" नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं.

बसलं, पण दुसरा प्रोग्रॅम नाही

पॅकेज म्हणजे पुष्कळदा नुसता मधला माणूस असतो. शुद्धलेखन तपासणारं फ्लायस्पेल आतच आहे, पण शब्द तपासतो ॲस्पेल किंवा हनस्पेल हा वेगळा प्रोग्रॅम, आणि मराठीसाठी त्याचा वेगळा शब्दसंग्रह लागतो. डेबियन-उबुंटूवर तो ॲस्पेल-एमआर या नावाने मिळतो. रिपग्रेप या फाइलींत शोधणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणारं पॅकेज घेतलं तर रिपग्रेप स्वतः बसवावा लागतो. एग्लॉटला त्या त्या भाषेचा सर्व्हर लागतो.

टर्मिनलमध्ये तो प्रोग्रॅम चालतो का ते आधी बघा. तिथे चालतो आणि ईमॅक्सला सापडत नाही, असं मॅकवर फार होतं, कारण चिन्हावर क्लिक करून उघडलेल्या ईमॅक्सला टर्मिनलचा पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) मिळत नाही. एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल हे छोटं पॅकेज त्याच्यासाठीच आहे.

ईमॅक्स नवा केला आणि सगळं मोडलं

पॅकेज बसतं तेव्हा ईमॅक्स त्याचं कोड स्वतःच्या त्या वेळच्या आवृत्तीसाठी रूपांतरित करून ठेवतो. ईमॅक्स बदलला, रूपांतर जुनंच राहिलं, की "डेफिनिशन इज व्हॉइड" किंवा "इनव्हॅलिड फंक्शन" सुरू होतं. २९ किंवा पुढचा असेल तर मेटा-एक्स पॅकेज-रीकंपाइल-ऑल करून बघा.

तेवढ्याने भागलं नाही तर एल्पा फोल्डरचं नाव बदला. पुसू नका, फक्त नाव बदला. तुम्ही स्वतः कोणती पॅकेजं निवडली होती ती यादी पॅकेज-सिलेक्टेड-पॅकेजेसमध्ये जपलेली असते. ईमॅक्स नव्याने उघडून यादी ताजी करा आणि पॅकेज-इन्स्टॉल-सिलेक्टेड-पॅकेजेस चालवा. सगळी नव्याने येऊन बसतात. एखादं आलं नाही तर ते कोणतं होतं हे जुन्या फोल्डरात दिसतं. आठवडाभर सगळं नीट चाललं की मग जुना फोल्डर काढा.

शेवटचा, कष्टाचा मार्ग

ईमॅक्स बंद करून टर्मिनलमधून वजा मोठा क्यू असा पर्याय देऊन उघडा. तुमची कुठलीच मांडणी त्यात येत नाही. दोष तरीही दिसला तर तो ईमॅक्सचा किंवा मशीनचा. नाही दिसला तर तो तुमच्या इनिट फाइलमध्ये किंवा एखाद्या पॅकेजात आहे. डीबग-इनिट हा पर्याय देऊन उघडलं तर कुठल्या ओळीशी अडलं तेही कळतं.

तरीही सापडेना, तर अर्धी फाइल टिप्पणीत टाकायची, म्हणजे ईमॅक्स त्या ओळी वगळेल, आणि बघायचं. दोष राहिला तर उरलेल्या अर्ध्यात, गेला तर झाकलेल्या अर्ध्यात. परत त्याचं अर्धं. चारशे ओळींच्या फाइलला नऊ फेऱ्या लागतात. कंटाळवाणं आहे पण हमखास आहे. २९ पासून इनिट-डिरेक्टरी हा पर्याय देऊन रिकाम्या फोल्डरमधून ईमॅक्स उघडता येतो, त्यात ते एकच पॅकेज बसवून बघा. रोजची मांडणी हलत नाही, म्हणून मी हल्ली हेच आधी करते.

नवीन भर शोधताना

दोष निघाला की पुढचा प्रश्न येतोच, मग चांगलं पॅकेज ओळखायचं कसं? ईमॅक्समधलं पॅकेज तुमच्या परवानग्यांनिशी चालतं. त्याला कुंपण नसतं, तुमच्या फाइली ते वाचू शकतं, पुसू शकतं. मेल्पावर नवं पॅकेज घेताना माणसं ते तपासतात, पण नंतरचे बदल लेखकाच्या कोठारातून (तो स्वतःचं कोड जिथे ठेवतो तिथून) थेट येतात, आणि मेल्पाच्या पॅकेजांवर सही नसते. म्हणून एकच काम दोन पॅकेजं करत असतील तर मी ग्नू एल्पा किंवा नॉन-ग्नू एल्पावरचं घेते. आमचं लेटेकचं सगळं काम ऑकटेक या पॅकेजवर चालतं, ते ग्नू एल्पावर आहे.

कंट्रोल-एच, मग मोठा पी, मग नाव. काय करतं, कशावर अवलंबून आहे, मूळ कोठार कुठे, सांभाळतं कोण, सगळं एका पानावर येतं. मूळ कोठारात जाऊन शेवटचा बदल केव्हाचा आणि तक्रारींना कुणी उत्तर देतंय का ते बघा. जुनं म्हणजे वाईट असं नाही, छोटं पॅकेज पूर्ण झालं की त्यात बदलायला काही उरत नाही. पण नव्या ईमॅक्सवर मोडल्याच्या तक्रारी वर्षभर अनुत्तरित असतील तर दुसरं शोधा. ईमॅक्सविकीवर विचार फार चांगले सापडतात, मात्र ते पान कुणीही बदलू शकतं, तेव्हा तिथलं कोड वाचल्याशिवाय चिकटवू नका. कुठल्याही भांडारात नसलेलं पॅकेज २९ पासून पॅकेज-व्हीसी-इन्स्टॉलने लेखकाच्या कोठारातून थेट आणता येतं, अर्थात लेखकावर तेवढा विश्वास असेल तरच.

नवं काय आलं हे कळायला साशा चुआ दर आठवड्याला काढतात ते ईमॅक्स न्यूज पुरतं. नवी पॅकेजं त्यात वेगळी दिलेली असतात.

कधी थांबायचं

पाऊण तासात वरचं सगळं होतं. त्यानंतर तेच तेच करत बसू नका.

दोष एकाच पॅकेजचा असेल, आणि रिकाम्या मांडणीतही दिसत असेल, तर तो लेखकाने दुरुस्त करायचा आहे. ईमॅक्सची आवृत्ती, पॅकेजची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टम, अक्षरशः संदेश आणि रिकाम्या फोल्डरपासून दोषापर्यंतच्या पायऱ्या लिहून कळवा. हे लोक फावल्या वेळात काम करतात, पायऱ्या असलेली तक्रार त्यांना लवकर सोडवता येते.

कंपनीचं मशीन, कंपनीचं नेटवर्क असेल तर आयटी विभाग. एखादं पॅकेज बसवल्यावर अनोळखी ठिकाणी जोडणी होताना दिसली किंवा पासवर्ड विचारला गेला, तर नेट तोडा, ईमॅक्स बंद करा आणि जाणकाराला दाखवेपर्यंत त्या मशीनवर बँकेचं काही करू नका.

एल्पा फोल्डर दोनदा नव्याने बांधला आणि दोन्ही वेळा फाइली अर्धवट किंवा वाचता न येणाऱ्या निघाल्या, तर ईमॅक्स विसरा, बहुधा डिस्क जात आली आहे. काही दुरुस्त करायच्या आधी मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. ती घेतानाच कटकट आवाज आला किंवा प्रत अडकली, तर मशीन बंद करून डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या, आणि त्याला आधी सांगा की परत चालू करून बघितलेलं नाही.